झाकणाची गाठ

एक होता मासेमार, एक होती त्याची बायको आणि एक होता त्याचा धाकटा भाऊ. तिघांची मिळून एक होडी. एकदा मासेमार एकटाच गेला. होडी सापडली, तो नाही सापडला.

बंदरावरच्या बायकांच्या जिभा सैल. "बुडतोय कसला! दुसऱ्या बंदरावर संसार थाटला असेल." मेला म्हणून रडावं की पळाला म्हणून चिडावं, बायकोला कळेना.

पोटासाठी दीर-भावजय शेंबड्या मासा धरत. हा राहतो खोल तळाशी, गार चिखलात, जिथं उजेड कधी गेलाच नाही. डोळे असून नसल्यासारखे, जबडा नाहीच. तळाला गेलेल्या मढ्यात शिरतो आणि आतून पोखरत खातो. धरला की बादलीभर शेंबूड सोडतो. मग स्वतःच्याच अंगाची गाठ मारून, ती सरकवत सरकवत, तो निपटून काढतो. भोकांच्या पिंपात आमिष घालून पिंप तळाशी सोडायचं, की हा आत शिरतो. पिंपाचं झाकण बांधायची गाठ मासेमारानं या माशाकडे बघूनच उचललेली. दुसऱ्या कुणाला ती जमत नसे.

एका धुकट सकाळी पिंपं ओढताना दिरानं कपाळावर हात मारला.

"वहिनी, घोळ झाला. या पिंपाचं झाकण बांधायचंच राहिलं होतं."

"लक्ष कुठं असतं हो, भावजी? आता मासेही गेले नि आमिषही."

पण दोरी जड लागली. धुक्यात गार चिखलाचा वास पसरला. पिंप वर आलं, गच्च भरलेलं. झाकण बांधलेलं.

त्याच गाठीनं.

"माशांनीच मारली असेल..." दीर हसायला गेला नि त्यानं गाठीकडे हात नेला.

"हात नका लावू, भावजी... राहू दे तशीच."

पिंप तसंच बंदरावर आणलं. बायकांनी गाठ पाहिली, ओळखली. एकीचीही जीभ हलली नाही. त्या दिवशी मासेमाराची बायको पोटभर रडली.

मग त्या घराचे दिवस पालटले. पिंप कधी रिकामं आलं नाही. दिराचं लग्न झालं, नवी होडी आली. एका पिंपाचं झाकण मात्र ते अजून मुद्दाम मोकळं सोडतात. ते बांधूनच वर येतं. गाठ वहिनीच सोडते, सावकाश, अंगठ्यानं. पिंपातून पाणी निथळत असतं, आणि गाठीच्या आतली दोरी कोरडी असते. कोरडी, आणि जराशी कोमट.