शर्वाणी पाण्याखाली मागे का पडते?

वर पोहताना सगळ्यांच्या पुढे आणि पाण्याखाली गेली की सगळ्यांच्या मागे! मालवणच्या शर्वाणी तांडेलचं हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं. तलावाच्या भिंतीला पाय लावून वळलं, की पंधरा मीटरपर्यंत पाण्याखालून जायची मुभा असते. तिथे दोन्ही पाय जुळवून डॉल्फिनसारखे हलवायचे. नेमकी तिथेच तिच्यासोबत सराव करणारी नीरजा पुढे सटकायची. जिल्ह्याच्या रिले संघाची निवड महिन्यावर आली होती. जागा चार, आणि शर्वाणी पाचवी. अगदी रडकुंडीला आली होती पोर.

"आत्या, मी आता खालून जाणारच नाही. वळले की लगेच वर येणार."

तिची आत्या, डॉ. उज्ज्वला, समुद्रविज्ञान केंद्रात यंत्रमासे बनवायची. "म्हणजे लाटांशी कुस्ती खेळणार तू," ती म्हणाली. "वर पोहताना अंगाने ढकललेल्या पाण्याच्या लाटा होतात. त्या उठवण्यातच बरीच ताकद जाते. हा तरंगरोध (लाटांमुळे होणारा अडथळा). कमरेइतकं खोल गेलीस की तो खूप कमी होतो."

"मग मी खालीच का मागे पडते?"

"ते बबडूला विचारू."

बबडू म्हणजे आत्याचा यंत्रडॉल्फिन. करड्या रबरी कातडीचा, आणि स्वभावाने जरा शिष्टच. "आधी माझं पोहणं बघ," म्हणत तो काचेच्या टाकीत उतरला. आत्याने पाण्यात बारीक बुडबुडे सोडले. बबडूच्या छातीपासून एक हेलकावा निघाला आणि कमरेतून शेपटीपर्यंत मोठा होत गेला. शेपटी खाली आली, तसं बुडबुड्यांचं एक कडं गरगरत मागे निघालं. शेपटी वर गेली, तसं दुसरं. शर्वाणी भान हरपून बघत राहिली. इतकं देखणं पोहणं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"ही भोवरावलयं (गरगरत सरकणारी पाण्याची कडी)," आत्या म्हणाली. "शेपटी पाण्याला मागे ढकलते, पाणी तिला पुढे ढकलतं."

"आता तुझ्यासारखा पोहतो," बबडू म्हणाला आणि त्याने शेपटीतला एक सांधा गुडघ्यासारखा मोकळा सोडला. शेपटी दाणकन खाली आली. मोठं कडं उठलं. वर जाताना मात्र बुडबुडे नुसतेच विस्कटले, आणि स्वारी जागच्या जागी रेंगाळली.

शर्वाणीने काचेला नाक लावलं. "मी फक्त खाली लाथ मारते. पाय वर नेताना ते नुसते परत आणते. आणि जोर लावला, की दुमडलेले गुडघे पाण्याला आडवे येतात."

आत्याला तिचं फार कौतुक वाटलं. हे बघायला तिला स्वतःला दोन वर्षं लागली होती.

मग महिनाभर शर्वाणीने पोटातून हेलकावा काढायचा आणि पाय वर नेतानाही पाणी ढकलायचं, एवढंच केलं. सुरुवातीला ती आणखीच मागे पडली. पोट इतकं दुखायचं, की हसायची चोरी. पण निवडीच्या दिवशी भिंतीवरून वळून ती वर आली, तेव्हा नीरजा तिच्या बरोबरीला होती, पुढे नव्हती. दोघींचीही निवड झाली.

"पाण्याखाली काय केलंस गं?" नीरजाने धापा टाकत विचारलं.

शर्वाणी क्षणभर घुटमळली. सांगितलं, तर नीरजा पुन्हा पुढे जाणार. पण रिलेत चौघींची मिळून एकच वेळ धरतात.

"उतर पाण्यात," ती म्हणाली. "वर जाणाऱ्या पायांपासून सुरू करू."