सहीआधीचे बारा तास

दर पाच वर्षांनी आम्हा वैद्यकीय चित्रकारांना बारा तास वर्गात बसावं लागतं. त्याशिवाय प्रमाणपत्राचं नूतनीकरण होत नाही, आणि प्रमाणपत्र नसलं की पुस्तकांची कामं बंद. त्या शनिवारी सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, साठी आली तरी तुझी शाळा काही सुटत नाही." मी हसले. मनात मात्र दर वेळी या दिवसाची धास्ती असायची. ती का, हे तिलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

नूतनीकरणाच्या अर्जात शेवटी एक ओळ असते. माझ्या छापलेल्या कामातली माहीत असलेली कुठलीही चूक दुरुस्त करायची राहिलेली नाही, अशी. तिच्याखाली सही करायची. मी चार वेळा केली होती, आणि चारही वेळा खोटी.

समोर झोपलेल्या रुग्णाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे आमच्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. पंचवीस वर्षांपूर्वी शिकाऊ डॉक्टरांच्या एका पुस्तिकेसाठी मी मूत्रपिंड काढून टाकायच्या शस्त्रक्रियेचं चित्र काढलं आणि नेमकी तिथेच माती खाल्ली. बाजू उलट झाली. लक्षात आलं ते पुस्तिका छापून हातात पडल्यावर. मुलगी लहान होती, कामं नुकती मिळायला लागली होती. मी गप्प बसले. डॉक्टर काय चित्र बघून चिरतात का, अशी स्वतःची समजूत घालत राहिले. तक्रारही कुणाची आली नाही.

वर्ग मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागातल्या लांबट हॉलमध्ये होता. फॉर्मलीनचा वास नाकातून थेट घशात उतरत होता. शिकवणारे सर माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. "समोर दिसतं तेच काढायचं," ते म्हणाले, "आठवणीतलं नको." म्हणजे आम्ही इतकी वर्षं झोपेत काढत होतो की काय, असं माझ्या जिभेवर आलं होतं.

मला कोपऱ्यातली जागा मिळाली. समोर भिंतीला टेकून एक बाक होता आणि त्यावर एक हडकुळा माणूस बसला होता. मॉडेल म्हणून बोलावला असेल, असं मला वाटलं. मी पेन्सिल उचलताच त्यानं न सांगता एका हातानं सदरा वर धरला. उजव्या कुशीवर टाक्यांचा लांब व्रण होता, जुना, नीट भरलेला. मी काढू लागले. हळूहळू हॉलमधली कुजबुज विरली, पंख्याची घरघरही ऐकू येईना. फक्त माझी पेन्सिल वाजत होती.

"झालं?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं.

"झालं."

"मग... ही पण घ्या."

तो वळला. डाव्या कुशीवरही तसाच व्रण.

मूत्रपिंडं माणसाला दोनच असतात. मी पेन्सिल खाली ठेवली.

"आधी... कुठलं काढलं?"

"चांगलं होतं ते," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "मग... आजारी होतं ते. काढा ना, बाई. हात छान आहे तुमचा."

मला त्याच्याकडे बघण्याची लाज वाटत होती. मान खाली घालून मी रेषा ओढत राहिले, किती वेळ ते माहीत नाही. मान वर केली तेव्हा बाक रिकामा होता आणि सर अर्ज घेऊन शेजारी उभे होते.

"ताई, सही."

पेन हातात घेतलं. कामं जातील, नाव जाईल, मुलीला कळेल, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी पेन परत ठेवलं.

"सर, मला सही करता येणार नाही. एक चूक आहे माझी." आणि मी सगळं सांगून टाकलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा श्वास मोकळा झाला.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "एकाच चित्रात?"

"एकाच."

त्यांची नजर माझ्या कागदावर गेली. त्यांनी तो उचलून उजेडाकडे धरला.

"मग ताई... बाकावर इतकी माणसं का काढलीत?"

मी एकालाच काढलं होतं. कागदावर त्याच्या पलीकडे, माझ्याच रेषेत, माझ्याच हातच्या छटांमध्ये, माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती. प्रत्येकानं एका हातानं कपडा वर धरला होता. शेवटची बाई कागदाच्या कडेला जेमतेम मावली होती, आणि अंग चोरून ती कागदाबाहेरच्या कुणाला तरी जागा करून देत होती.