न वाचलेली सूचना

"शेवटचं कोण?" असं विचारतच तो पावाच्या रांगेत आला. आमच्या सिएनफुएगोस शहरात रांगेला लागायची हीच रीत. शेवटच्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि खुशाल सावलीत जाऊन बसायचं. त्या दिवशी शेवटची मी होते. पण त्यानं माझा चेहरा जरा जास्तच वेळ लक्षात ठेवला...

त्याचं नाव ओस्निएल. पंखे दुरुस्त करायचा. मी दायामी, औषधाच्या दुकानात कामाला. पेनड्राइव्हवर आणलेले व्हिडिओ बघून मोबाइलचं ॲप बनवायला शिकत होते – हौस म्हणून. रांगेतला आपला नंबर घरबसल्या कळावा, असं ॲप मला करायचं होतं.

"म्हणजे ही रांग बंद?" त्यानं विचारलं.

"गर्दी तरी कमी होईल."

"आणि मी तुला भेटायचं कुठे?"

मी कानापर्यंत लाल झाले. माझ्या फोनची काच फुटलेली, म्हणून चाचणीसाठी त्यानं आपला फोन देऊ केला. मग दर शनिवारी समुद्राकाठच्या कठड्यावर बसून मी त्याच्या फोनमधलं जुनं ॲप काढायची आणि सुधारलेलं घालायची. त्यात सूचनांसाठी एक चौकट होती. तो आठवडाभर तिच्यात लिहून ठेवायचा – बटण फार लहान आहे, रंग कावीळ झाल्यासारखा आहे, इंजिनीअरबाई काल निळ्या झग्यात छान दिसत होत्या. ॲप काढलं की हे सगळं पुसलं जायचं. ते जपून कसं ठेवायचं, मला अजून जमत नव्हतं. म्हणून मी आधी वाचायची, मग काढायची.

मे महिन्यातल्या एका शनिवारी त्यानं एक बातमी सांगितली. मामानं त्याला उरुग्वेला बोलावलं होतं. त्यानं जाऊ नये असं मला फार वाटत होतं, पण बोलायचा धीर होईना. त्या विचारात माझ्या बोटानं जुनं ॲप आधीच काढून टाकलं...

"वाचलंस?" त्यानं पाण्याकडे बघत विचारलं.

न वाचताच पुसलं, हे सांगायची मला लाज वाटली. "वाचलं की."

"मग?"

बटणाचंच काहीतरी असणार. "बघू पुढे कधीतरी. त्याची एवढी काय घाई?"

त्यानं मान हलवली आणि फोन खिशात टाकला. नवव्या दिवशी तो गेला.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, "निदान 'नाही' तरी म्हणायचंस. तू थांब म्हणालीस तर जात नाही, असं लिहिलं होतं मी."

मी सगळं खरं सांगून टाकलं.

तो म्हणाला, "वाचलं असतंस तर?"

"थांब म्हणाले असते."

"मग वाचलं नाही, एवढं त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुझ्यापुढे अडाणी दिसायचं नव्हतं मला..."

तो हसला. "वेडे, तुझं चुकायचं म्हणून तर दर शनिवारी भेटत होतो आपण."

परत ये म्हणायला माझी जीभ उचलेना. घर, हत्यारं, सगळं विकून तो गेला होता. आणि फोन आधी कुणी ठेवायचा, ते काही ठरेना.