सीलबंद उष्टं

ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं. मला कुणाला पटवत बसायचं नाही. हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि शेवटी जी वस्तू उरली ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

आणखी एक. रात्रीची वाट बघू नका.

हे सगळं भर दुपारी घडलं. मागच्या मार्चमध्ये, डोक्यावर पंखा फिरत असताना.

ताई एका टूरवाल्याकडे नोकरी करते. ऑफिस दोन खोल्यांचं. खाली टायरचं दुकान, वरच्या मजल्यावर दातांचा डॉक्टर. पुढच्या खोलीत ताईचं टेबल आणि साहेबांची काचेची केबिन. मागच्या खोलीत सामान. तंबू, घडीच्या खुर्च्या, शेगडी, बर्फाची पेटी आणि पाण्याच्या बाटल्यांची खोकी.

धंदा एकच. पैसेवाल्या कुटुंबांना स्वतंत्र गाडीने वाळवंटात फिरवून आणायचं. पाच दिवस, चार रात्री. सगळं ताई ठरवते. कुठे मुक्काम, कुठे डिझेल, कुठून पुढे मोबाईल लागत नाही, डिकीत काय कुठे बसेल. तिने केलेल्या यादीबाहेर गाडीत टाचणीसुद्धा जात नाही.

त्या दिवशी एका बाईंचा फोन आला.

"पाच माणसं आहोत आम्ही," बाई म्हणाल्या. "आणि ड्रायव्हर."

ऐकलंत? पाच माणसं. आणि ड्रायव्हर.

"तो आमच्याच टेबलावर जेवणार नाही ना? नाही म्हणजे, आम्ही जातपात मानत नाही. पण घामाचा वास येतो हो."

"नाही मॅडम, त्याची सोय वेगळी असते," ताई म्हणाली.

कसली वेगळी सोय. काही सोय नसते. ताईच्या यादीत पाण्याचा हिशोब सरळ होता, माणशी दोन खोकी. पाच माणसं, दहा खोकी. ड्रायव्हरच्या नावाने एक बाटली नाही. पाहुणे अर्धी पिऊन टाकतात ती तो पितो. या धंद्यात सगळीकडे असंच चालतं आणि कुणाला त्याची लाज वाटत नाही.

फक्त या वेळी ड्रायव्हर भावोजी होते. ताईचा नवरा.

सात महिने भावोजी घरी बसून होते. कारखाना बंद पडला होता. ताईनेच साहेबांच्या मागे लागून त्यांना गाडीवर घेतलं. ही त्यांची वाळवंटातली पहिली फेरी. निघायला आठ दिवस होते.

ताईने यादी प्रिंट केली. तहान लागली म्हणून मागच्या खोलीतून एक बाटली आणली.

झाकण फिरवलं. कट्. सील तुटल्याचा स्वच्छ आवाज.

तिने मोठा घोट घेतला...

पाणी कोमट होतं.

कोमट आणि जाडसर. कुणाच्या तरी तोंडात बराच वेळ खेळवून परत सोडल्यासारखं. आणि त्या पाण्यातून काहीतरी मऊ, बोटाच्या नखाएवढं, तिच्या जिभेवर येऊन बसलं.

ताई बेसिनकडे धावली. थुंकली. बेसिनमध्ये लाळेची एक लांब तार लोंबत होती आणि तिच्या टोकाला चावलेली, चोथा झालेली लवंग.

बाटली उजेडात धरली. तळाला वाळू.

वास आला. लवंगेचा, आणि लवंगेखाली किडलेल्या दाताचा.

आधी तिला वाटलं, वरच्या दातवाल्याचा वास असेल. तिथून लवंगेच्या तेलाचा वास कधी कधी खाली यायचा. पण दातवाला वरून बंद बाटलीत कसा थुंकणार?

तिने दुसरी बाटली उघडली. कट्. वास तोच.

तिसरी. कट्. या बाटलीच्या तोंडावर आतल्या बाजूने ओठाची लालसर खूण होती. लिपस्टिकची.

ती खूण बघितली आणि ताईने बाटली झटकन खाली ठेवली.

कारण ती खूण तिने आधी बघितली होती. फोटोत.

आता ते सांगायलाच हवं. ताईने ते भावोजींनाही सांगितलं नव्हतं.

आदल्या वर्षी त्यांच्याकडे एक म्हातारा ड्रायव्हर होता. सगळे त्याला मामा म्हणायचे. दाढ दुखायची म्हणून दिवसभर लवंग चघळायचा. ऑफिसात आला की ताईला म्हणायचा, "पोरी, तुझ्या यादीत या मामाला पण बसव की कुठेतरी, बर्फाच्या पेटीशेजारी." ताई हसायची. तोही हसायचा.

त्या फेरीत चार पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी गाडी वाळूत रुतली. मोबाईल लागेना. पाहुण्यांनी मामाला चालत हमरस्त्याकडे पिटाळलं, मदत आणायला. बरोबर काय दिलं? आपल्या तोंडच्या सात बाटल्या. कुणात घोटभर, कुणात अर्धी. प्लास्टिकच्या पिशवीत घालून. सीलबंद आम्हाला लागतील म्हणाले.

संध्याकाळी दुसऱ्याच कुणाची गाडी योगायोगाने तिकडे आली आणि पाहुणे सुटले.

मामा तिसऱ्या दिवशी सापडला. भलत्याच दिशेला. पोलिसांनी ऑफिसात आणून दाखवलेल्या फोटोत त्याच्याभोवती सात रिकाम्या बाटल्या, एकीच्या तोंडाला लिपस्टिक.

गाडीच्या डिकीत बावीस सीलबंद बाटल्या शिल्लक होत्या. तेविसावीने त्यांनी पाय धुतले होते.

आणि वर पाहुण्यांनी तक्रार लिहिली. ड्रायव्हर अनुभवी नव्हता, अर्ध्यात सोडून गेला. त्या तक्रारीला उत्तर ताईने टाईप केलं होतं. 'झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.' साहेबांनी सांगितलं, हिने लिहिलं. माझी बहीण आहे म्हणून मी हे झाकणार नाही. माणूस तहानेने मेला आणि हिने गैरसोयीबद्दल माफी मागितली.

ती यादीसुद्धा तिचीच होती.

ताई तशीच बाटली घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, हे जरा प्या."

"मी घरचं पाणी पितो, माहीत आहे ना तुम्हाला."

"वास तरी घ्या."

साहेबांनी नाक लावलं. चेहरा उतरला. हळूच झाकण बसवलं, घट्ट पिळलं.

"खोकी बदला," ते म्हणाले. "दुसऱ्या दुकानातून मागवा. आणि बाहेर बोलू नका."

"साहेब, ड्रायव्हरची दोन खोकी वाढवू का?"

"जागा कुठे आहे? त्यांच्या पाच खुर्च्या आहेत, शेगडी आहे. ड्रायव्हर लोक करतात हो ॲडजस्ट. आणि तुमचे मिस्टर काय परके आहेत का?"

दुसरी खोकी आली. त्यातली बाटली उघडली. कट्.

तोच वास.

चौथ्या दिवशी साहेब बाहेर गेले होते. ऑफिसात ताई एकटी. दुपारचे अडीच. खाली टायरवाल्याचा हातोडा चालू होता. मग तो थांबला. वरच्या दातवाल्याचं मशीनही थांबलं.

मागच्या खोलीचं दार बंद होतं. कडी बाहेरून.

आतून आवाज आला...

घट.

घट. घट.

कुणीतरी अधाशासारखं पाणी पीत होतं. मग रिकामी बाटली ओठांनी ओढल्यावर प्लास्टिक आत चेपतं, तसा आवाज. लगेच दुसरी. लगेच तिसरी. मोजल्या तिने.

सात.

मग शांत. आणि त्या शांततेत दाढेखाली लवंग फुटल्यासारखं बारीक कडकडलं.

ताईने कडी काढली. आत कोणी नव्हतं. खोकी चिकटपट्टीसकट जशीच्या तशी. फरशीवर मात्र ओल्या तळाची सात वर्तुळं होती, दारापासून ओळीने. शेवटचं वर्तुळ भिंतीला टेकवलेल्या खुर्च्यांसमोर होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर ती भावोजींना म्हणाली, "अहो, ही फेरी नको. दुसरी घ्या."

"का गं? पाहुण्यांच्यात कोणी देखणी आहे की काय?"

"चेष्टा नको."

"मग सांग की नीट. सात महिने तूच म्हणत होतीस, उठा, काहीतरी करा. आता उठलोय तर बस म्हणतेस."

तिने सांगायला तोंड उघडलं. पण सांगायचं म्हणजे यादीचंही सांगावं लागणार. 'गैरसोयीबद्दल'सुद्धा. तोंड मिटलं.

भित्री आहे ती. मी तिला तोंडावर म्हटलंय.

पण निघायच्या दिवशी एक गोष्ट तिने केली. पहाटे गाडी भरताना साहेब फोनवर बोलत होते, तेवढ्यात तिने डिकीतून दोन घडीच्या खुर्च्या ओढून काढल्या आणि त्या जागी पाण्याची दोन खोकी रेटली. जाड मार्करने वर लिहिलं, 'ड्रायव्हर'. मग यादीतली 'माणसं : ५' खोडली आणि हाताने ६ केली.

पाहुण्यांच्या खोक्यातली एक बाटली उघडून बघितली. स्वच्छ. गार. कसलाही वास नाही. तिला वाटलं, सुटलो.

पाच दिवसांची फेरी. भावोजी तिसऱ्या दिवशी दुपारी दारात उभे.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"मला काही नाही. पाहुण्यांची पोटं बिघडली. सोडून आलो त्यांना घरी." ते चपला काढत म्हणाले. "कसलं पाणी भरलं होतंस गं त्यांच्यासाठी? दुसऱ्या दिवशी दुपारी एकाने बाटली उघडली आणि तिथेच ओकला. मग दुसरा. दहाही खोकी सगळी तशीच. त्या बाई तर बोटं घालून घालून ओकत होत्या. म्हणतात, कुणीतरी चूळ भरून टाकलीय यात. गाडी आतून अजून घाण मारतेय."

"आणि तुमच्या खोक्यातलं?"

"माझं चांगलं होतं. तेच वाटलं सगळ्यांना. न देऊन कसं चालेल, माणसंच ना ती. बाईंना झाकण उघडायचाही धीर नव्हता. माझ्या हातातली अर्धी होती ना, माझ्या तोंडची, तीच ओढून घेतली आणि घटाघटा प्यायल्या. मी म्हटलं, मॅडम, उष्टी आहे. ऐकतंय कोण."

भावोजी हसले. ताई हसली नाही.

"येताना आणखी एक गंमत," ते म्हणाले. "म्हणजे गंमत कसली. भर उन्हात, जिथे मैलभर झाड नाही, तिथे रस्त्याच्या कडेला एक म्हातारा हात दाखवत उभा. मी गाडी थांबवली. मागचे ओरडले, थांबू नका. मी म्हटलं, असा कसा जाऊ? पाणी मागत होता बिचारा. माझ्या खोक्यातली नवी बाटली दिली त्याला."

"मग?"

"घेतली आणि बघतच राहिला. झाकण फिरवलं, कट् आवाज झाला ना, तर लहान मुलासारखा हसला. काहीतरी चघळत होता सारखा. अर्धी प्यायला. मग मला विचारतो, तुमच्याकडे यादी कोण करतं?"

ताईने ओट्याची कड धरली.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं तेच. म्हटलं, बायको करते. तर उरलेली बाटली माझ्या हातात परत दिली..."

भावोजींनी पिशवीत हात घातला आणि बाटली ओट्यावर ठेवली. अर्धी भरलेली. आत लवंगेचा चोथा तरंगत होता.

"म्हणाला, ही तिला द्या. तिने प्यावी."

त्यानंतर ताईने भावोजींना सगळं सांगितलं. ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग बोलले. नोकरी दोघांनी सोडली.

साहेबांचं ऑफिस अजून चालू आहे. नवीन मुलगी यादी करते. यादीत माणसं किती धरते, मला माहीत नाही. तुम्ही कधी गेलात तर विचारा.

बाटली ताईने भावोजी आले त्याच दिवशी बेसिनमध्ये ओतली. वळून पाहिलं तर...

अर्धी भरलेली.

कचऱ्याच्या गाडीत टाकली. दुपारी ओट्यावर परत. भावोजी ती बाटली गाडीत घालून लांब नदीत सोडून आले. घरात पाऊल टाकलं तर आधी वासच आला.

मी मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. ताई निम्म्याने उतरली आहे. ओठांना भेगा, जीभ पांढरी. मी बसलो तेवढ्या अर्ध्या तासात ती माठातलं अकरा पेले पाणी प्यायली. दर पेल्यानंतर तोंडावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "अरे, कोरडच जात नाही. घशाखाली उतरतच नाही काही."

बाटली ओट्यावर होती. मी जवळ जाऊन बघितली. तोंडाशी पिवळट थर, आत लाळेचे धागे, तळाला वाळू. मी नाक दाबून मागे सरलो.

"ताई," मी विचारलं, "प्यायलीस का तू यातलं?"

तिने बारावा पेला खाली ठेवला. सुकलेल्या जिभेने ओठ चाटले. नजर बाटलीवरच होती.

"अजून नाही," ती म्हणाली.