दीड महिना कमी

एप्रिलच्या भर दुपारी मैथिली टिटवाळ्याच्या एका अर्धवट बिल्डिंगखाली उभी होती आणि वरून तिच्या वहीवर पाणी ठिबकत होतं. वर पाहिलं तर कुणीतरी पाइप धरून स्लॅबवर पाणी मारत होतं.

"अहो! माझी वही!"

"अरे बापरे... सॉरी मॅडम!" तो धडाधड जिने उतरून आला. शर्टावर सिमेंट, डोळ्यांत अपराधीपणापेक्षा हसूच जास्त. "मी केदार. साइट इंजिनिअर. पाणी मारणारा आज आला नाही, म्हणून..."

"मी अंगणवाडीतून आलेय. तीन ते सहा वर्षांच्या मुलांची यादी करायचीय," ती वही झटकत म्हणाली.

साइटवर अशी अकरा मुलं निघाली. जन्मदाखला एकाचाही नाही. परभणीकडची कलावती तिथे विटा वाहायची. तिच्या मंदाकिनीची तारीख विचारली, तर ती म्हणाली, "तारीख कुठं ध्यानात राहती, ताई? कल्याणच्या बिल्डिंगचा सातवा स्लॅब भरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी झाली."

मैथिलीने पेन खाली ठेवलं. केदार मात्र केबिनकडे पळाला आणि जुन्या डायऱ्यांचा गठ्ठा घेऊन आला.

"त्या साइटवर मी पण होतो, नवीनच लागलेलो. हे बघा — सातवा स्लॅब, अकरा फेब्रुवारी. म्हणजे पोरगी बारा फेब्रुवारीची!"

ती डायरीकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. तोही बघतोय हे कळलं, तशी पुन्हा डायरीकडे.

"पहिलीसाठी डिसेंबरअखेर सहा वर्षं पुरी लागतात," तिने बोटांवर महिने मोजले. "हिला दीड महिना कमी पडतोय. यंदा अंगणवाडीच."

कलावतीचा चेहरा उतरला. अंगणवाडी स्टेशनच्या पलीकडे, तीही दुपारी सुटणार. आणि इथे लिफ्टचा उघडा खड्डा. पोर दिवसभर शाळेत सुखरूप राहील, एवढंच तिला हवं होतं.

"मॅडम, डिसेंबर लिहा ना," केदार हळूच म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"एका तारखेनं काय जातं?"

"तिचं जातं! वर्गात सगळ्यांत लहान हीच असणार. बाकीची लिहायला लागतील तेव्हा हिच्या बोटांत पेन्सिल ठरणार नाही. मग लोक म्हणतील, मजुराची पोर, डोक्यानंच कमी."

"आणि खड्ड्यापासून दिवसभर पोरं हाकलतो कोण? मी!"

वही मिटून ती तडक निघाली.

पुढचे आठ दिवस तिचं कशात लक्ष लागेना. उरलेल्या मुलांच्या तारखा कळवायला त्याने भांडणाआधीच नंबर घेतलेला. मेसेज यायचे तेही कोरडे ठाक. 'धाकूचा मुलगा. नववा स्लॅब. चार ऑगस्ट.' त्यात वाचण्यासारखं काय होतं? तरी ती तीन-तीनदा वाचायची.

नवव्या दिवशी मेसेज आला — 'खोली आहे. बघायला या.'

तळमजल्यावर सिमेंटच्या गोण्या ठेवायची ती खोली. झाडून, चुना मारून लख्ख केलेली. बाहेरच्या खड्ड्यावर जाड फळ्या ठोकलेल्या.

"बिल्डर शेठना काय सांगितलंत?"

"पोरगं पडलं तर काम महिनाभर बंद. ते त्यांना लगेच कळतं."

"आणि खरं कारण?"

तो फळीवरचा नसलेला खिळा शोधू लागला. "तुम्ही रागावून गेलात ना... बरं नाही वाटलं."

तिथे वर्ग भरवायच्या परवानगीसाठी मैथिलीने कल्याणच्या ऑफिसात पाच फेऱ्या मारल्या. मग सकाळी नेहमीची अंगणवाडी आणि दुपारी साइटवरचा वर्ग, असं सुरू झालं. तीन वाजले की केदार काहीतरी बघायला यायचाच. कधी पंखा, कधी नळ.

"सर, नळ काल पण बघितलेला," मंदाकिनीने एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्याचे कान लाल झाले. मैथिलीने हसू लपवायला गोष्टीचं पुस्तक तोंडासमोर धरलं... तेही उलटं.

'तुम्ही'चं 'तू' नेमकं कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

मार्चमध्ये बिल्डिंग पुरी झाली. एका शुक्रवारी भिंतीकडे बघत केदार म्हणाला, "पुण्याची साइट देतायत. सोमवारी सांगायचंय."

"छान," मैथिली म्हणाली. बस्स, एवढंच.

शनिवारी तिने दोनदा हजेरी घेतली. खिचडीत मीठ घालायचं राहिलं. त्याने विचारलं का नाही? पण विचारणार तरी काय... रविवारी सकाळी 'भाजी आणते' म्हणून घरातून निघाली, ती थेट कोपर स्टेशनला उतरली. तो तिथे आईबरोबर राहायचा.

"मी स्टेशनच्या बाहेर आहे," तिने फोनवर सांगितलं.

पाच मिनिटांत तो धापा टाकत आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"काय झालं? मुलं ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत." तिने भाजीच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "पुण्याला जाऊ नकोस. म्हणजे... जायचं असेल तर जा. पण मला आवडणार नाही, एवढं तुला माहीत असावं."

"मी पुण्याला नाही म्हणून कळवलं पण. परवा संध्याकाळीच. ठाण्याची साइट घेतली. कलावतीचं बिऱ्हाड पण तिकडेच येतंय, जूनला मंदाकिनी पहिलीत जाणार. वयासाठी तुझा अंगणवाडीचा दाखला आहेच."

"परवा? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू 'छान' म्हणालीस ना. म्हटलं, हिला फरकच पडत नाही."

"मूर्ख आहेस!" तिचे डोळे भरून आले आणि हसूही आलं. "दोन रात्री झोपले नाहीये मी."

"मी पण." त्याने तिच्या हातातली रिकामी पिशवी काढून घेतली. "चल घरी. आई पोहे करतेय."

"काय सांगशील त्यांना? अंगणवाडीची ताई?"

"तू सांग, काय सांगू."

ती त्याचं चुकलेलं बटण सोडवून नीट लावत म्हणाली, "मैथिली आहे म्हण. बाकीचं मी सांगते."