खिशातला चुरा

"उडी मार!" फौजदाराने हुकूम सोडला.

फौजदार म्हणजे सुट्टीत काकांकडे जमलेल्या भावंडांतली सगळ्यांत मोठी ताई. काकांच्या बेकरीतले क्रीमरोल सकाळी गायब झाले होते आणि तिचा संशय धाकट्या ढोल्यावर होता. उडी मारली की खिशातला चुरा सांडणार!

"पोट दुखतंय गं," ढोल्या मैद्याच्या पोत्यावर मुटकुळं करून पुटपुटला.

"दुखणारच! फुकटचं हादडलं की असंच होतं!" मधला चष्मिस खिदळला.

ढोल्याने कशीबशी उडी मारली. चुरा पडला नाही. तो मात्र किंचाळला आणि पोटाची खालची उजवी बाजू दाबून मटकन बसला.

फौजदाराने त्याच्या कपाळाला हात लावला. चांगलंच तापलं होतं! "कधीपासून दुखतंय?"

"सकाळपासून. आधी बेंबीपाशी होतं. आता इथेच."

सकाळी त्याने दूधही नको म्हटलं होतं. मग रोल कुठून खाईल? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात काका एरंडेलाची बाटली घेऊन आले. "घे दोन चमचे. सगळं बाहेर पडेल!"

"काका, नको!" ती मध्ये उभी राहिली. "त्याने काही खाल्लंच नाहीये! ताप आहे, दुखणं वाढतंय. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला!"

"मोठी डॉक्टर लागून गेलीस! मग रोल काय उंदरांनी नेले?"

चष्मिसने काकांच्या हातातली बाटली काढून घेतली आणि तिथे बेकरीच्या टेम्पोची किल्ली ठेवली!

डॉक्टरांनी पोट तपासलं. "अपेंडिक्स सुजलंय, ऑपरेशन करावं लागेल. दुखणं असं एका जागी येऊन बसलं, हलल्यावर वाढलं, ताप आला, की घरगुती उपाय करायचे नसतात. एरंडेलाने ते फुटलंही असतं. पोरगी हुशार आहे हं!"

काकांची मान खाली गेली. "रोल मीच खाल्ले. मला गोड बंद आहे ना, काकूला कळू नये म्हणून गप्प बसलो. शाबास, पोरी!"

ती शाबासकी फौजदाराला झेपेना. उडी मारायला कुणी लावलं, हे डॉक्टरांना कुठे ठाऊक होतं?

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ढोल्याने डोळे किलकिले केले. "काय फौजदार, सापडला का चुरा?"

"नाही रे. चुकले मी." तिचे डोळे भरून आले. "तुझ्याकडे बघायचीसुद्धा लाज वाटते मला."

"मग टाके निघाले की मी म्हणेन तेव्हा उडी मारायची. सगळ्यांसमोर!"

"म्हणशील तितक्या!"

"आणि मी?" दारातून काकांनी हळूच विचारलं.

"तुम्हीसुद्धा!"

काकांनी आपल्या ढेरीकडे पाहिलं आणि मुकाट्याने मान डोलावली.