मोहाच्या मलमाची परीक्षा

खोडाळ्याच्या बाजारात पाऊस आडवा यायला लागला तसा चैतन्य समोर दिसलेल्या ताडपत्रीखाली शिरला. तिथे हर्षदा टाचांच्या भेगांवरचं मलम विकत होती – मोहाच्या बियांच्या तेलाचं, पाड्यावरच्या बायकांनी केलेलं.

"नुसतं उभं राहायचं नाही," ती म्हणाली. "डबी घ्या."

"तपासलंय कुणावर?"

"आमच्याच टाचांवर. ठाण्याच्या दुकानदाराला ते पुरत नाही. रिपोर्ट आणा, मगच ऑर्डर देतो म्हणतो. एक लॅब सशांच्या पाठीवर लावून बघणार होती… मी नको म्हटलं."

चैतन्यला हसू आलं. नाशिकच्या लॅबमध्ये तो हेच काम करायचा, सशांशिवाय.

"आमच्या लॅबमध्ये माणसाच्या त्वचेवर तपासतात."

ती मागे सरकली. "कुणाच्या?"

"ऑपरेशनमध्ये काढलेली त्वचा एरवी टाकूनच देतात. काही पेशंट ती दान करतात. काही दिवस जिवंत ठेवता येते."

"बरं… मग तपासायला दोन डब्या घ्या."

पंधरवड्याने तो पाड्यावर आला. ओसरीत उभ्यानेच म्हणाला, "मलम जहाल आहे. त्वचेच्या पेशी मरतायत."

हर्षदाचा चेहरा उतरला. बायकांची पहिली मोठी ऑर्डर हातची गेली होती. "एवढं सांगायला नाशिकहून आलात?"

"फोनवर… सांगवेना."

चुलीपाशी तेल ढवळणारी नवशी मावशी कढईतच बघत म्हणाली, "कापूर असंल. मीच टाकते जास्तीचा. झोंबल्याबिगर गुण आला असं कुणाला वाटतच नाही."

आधी हर्षदा हसली. मग तिच्याकडे बघून तो. त्याच्या चष्म्यावरून पाणी निथळत होतं. तिने पंचा पुढे केला.

कापूर वगळून केलेलं मलम पुन्हा लॅबमध्ये गेलं. या वेळी पेशी शाबूत राहिल्या. पाड्यावर ठाण्यासाठी डब्या भरणं सुरू झालं, आणि त्याच दुपारी चैतन्य दारात हजर.

"रिपोर्ट तर सकाळीच मोबाईलवर आला," हर्षदा म्हणाली.

"माहीत आहे. मीच पाठवला."

"मग आता काय राहिलं?"

"लॅबचं काही नाही. तुम्हाला बघायचं होतं… कामाशिवाय."

तिच्या हातातलं झाकण वाकडं बसलं. ते काढून तिने नीट लावलं. "बसा. चहा टाकते."

"नाशिकची शेवटची गाडी चुकेल."

"चुकू दे. कुणी चुकवली असं मावशीने विचारलं, तर मी माझं नाव सांगेन."